‘थोर’चं ‘चोर’ झालं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना ट्रेडल आहे. ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र. आता ‘एक जुना’ असं म्हणालो खरा, पण काही जण मला ‘ती मशीन’ म्हणतात आणि काही जण ‘ते यंत्र’. मी तो, ती की ते, हे इतकी वर्षं अक्षरांच्या सहवासात काढूनही मला समजलेलं नाही. सोयीसाठी आपण ‘तो’ धरून चालू. माझ्या आयुष्यात गोंधळ फार झाले. त्यांतला हा सगळ्यांत लहान.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, थंड झाल्यावर ठोकून बाहेर काढलं, घासलं, भोकं पाडली. एका बाजूला माणसाच्या छातीएवढं चाक बसवलं. डोक्यावर शाईची गोल थाळी ठेवली. पुढे एक मोठा जबडा दिला. जबड्याच्या एका बाजूला अक्षरांचे खिळे घट्ट आवळून बसवायचे आणि दुसऱ्या बाजूला कागद ठेवायचा. पाय मारला की रूळ थाळीवरून शाई घेऊन खिळ्यांवर फिरतात, जबडा मिटतो आणि उघडतो. तेवढ्यात कागद बोलका झालेला असतो. काय बोलतो, ते मात्र मला कधी कळत नाही. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात आणि कागदावरची सुलटी होईपर्यंत माझ्या तोंडातून निघून गेलेली असतात.

मला विकत घेतलं ते आप्पांनी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुमजली घर होतं. वर राहायचं, खाली छापखाना. आप्पांना दोन मुलं. थोरली ताई. तिला सगळी गल्लीच ताई म्हणायची, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. धाकट्याला सगळे ‘फुंकर’ म्हणत. छापलेला प्रत्येक कागद तो तोंडाजवळ धरून फुंकायचा, शाई लवकर वाळावी म्हणून. “अरे, गरम दूध आहे का ते?” असं आप्पा ओरडायचे. सवय गेली नाही, नाव मात्र चिकटलं.

आप्पांच्या मागं या दोघांनी छापखाना चालवला. ताई खिळे जुळवायची. शंभर खणांच्या पेटीतून तिची बोटं न बघता अक्षर उचलायची. तिला आरशातल्यासारखं उलटं वाचता यायचं, इतकं की सुलटं वाचताना कधीकधी अडखळायची. इंग्रजी कार्डंही जुळवायची. इंग्रजी अक्षरांचे चेहरे तिला ओळखीचे होते, पण शब्दांच्या अर्थाशी तिचं बोलणं नव्हतं. फुंकर माझ्यापाशी उभा राहून पाय मारायचा आणि कागद घालायचा-काढायचा. हात अडकेल म्हणून ताई त्याला दिवसातून दहा वेळा हटकायची आणि तो दहा वेळा “हो गं” म्हणायचा.

आता तो शब्द माझ्या घरात कसा शिरला ते सांगतो.

एकदा माझी छपाई बिघडली. अक्षरं दुहेरी दिसू लागली, जशी चष्मा काढल्यावर दिसतात तशी. फुंकरनं सगळे उपाय केले, शेवटी मला एक लाथही घातली. मग मिस्त्री आला. त्यानं एक कागद उजेडात धरला आणि म्हणाला, “काही नाही, स्लर मारतंय.”

“काय मारतंय?” फुंकरनं विचारलं.

“स्लर. कागदाखाली ही जी कागदांची गादी असते ना, ती सैल पडली. मग जबडा मिटताना कागद आधीच खिळ्याला टेकतो आणि केसभर सरकतो. शाई फरफटते. त्याला स्लर म्हणायचं. गादी आवळा, बंद होईल.”

गादी आवळली, खिळ्यांवर साचलेली शाई रॉकेलनं पुसली. स्लर बंद झाला. शब्द मात्र राहिला. दोघा भावंडांना तो इतका आवडला की घरभर वापरू लागली. पोळपाट ओट्यावरून घसरला की स्लर. फुंकर झोपेतून उठून काहीतरी पुटपुटला की ताई म्हणायची, “नीट बोल, स्लर मारतोयस.” मला वाटलं, मित्रांनो, की हा आपल्या घरचाच शब्द आहे. साधा, निरुपद्रवी, शाईचे हात असलेला.

आता त्या मानपत्राकडे येतो.

आमच्या गल्लीपासून जवळच मुलींची शाळा होती. तिथल्या मुख्याध्यापिकांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. त्या इंग्रजी शिकवायच्या. उंच, सरळ, हसताना तोंडावर हात ठेवणाऱ्या. ताई त्यांच्याच शाळेत होती, पण आप्पांनी तिला लवकर खिळ्यांच्या पेटीवर बसवलं, म्हणून तिचं इंग्रजी अक्षरओळखीपाशीच थांबलं. मोठ्या बाई आता निवृत्त होत होत्या. निरोपाच्या कार्यक्रमात येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्यांचं मानपत्र द्यायचं ठरलं आणि ते काम आमच्याकडे आलं.

ताईनं फार मन लावून खिळे जुळवले. वर वेलबुट्टीची चौकट, मधे मोठ्या ठशात दोनच शब्द: ‘थोर शिक्षिका’. खाली बाकीचा मजकूर. पहिला कागद तिनं स्वतः तपासला, खिडकीशी नेऊन, काना-मात्रा मोजून. स्वच्छ होता. फुंकरनं पाय मारायला सुरुवात केली, ती दुपार टळेपर्यंत. मी त्या दिवशी नेहमीसारखाच चालत होतो. निदान मला तरी तसं वाटलं. गठ्ठे बांधले, शाळेत पोचते झाले.

दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई धापा टाकत आला. त्याच्या हातात एक मानपत्र होतं.

“ताई, हे काय छापलंत हो तुम्ही?”

ताईनं बघितलं आणि कागद खिडकीशी नेला. ‘थ’च्या डोक्यावरची रेघ तुटक असते ना, तिथं मोकळी जागा असते? ती जागा सरकलेल्या रेघेनं झाकली होती. डावीकडची गाठ शाईनं भरून गेली होती. ‘थोर’चं ‘चोर’ झालं होतं. अगदी ठळक नव्हे. एका बाजूनं बघावं तर थोर, दुसऱ्या बाजूनं चोर.

“सगळ्या प्रती अशाच आहेत?” फुंकरनं कागद ओढून घेत विचारलं.

“अर्ध्या चांगल्या, अर्ध्या अशा. अर्धा हॉल टाळ्या वाजवत होता, अर्धा एकमेकांच्या तोंडाकडे बघत होता. मग कोणीतरी फिसकन हसलं.” शिपायानं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. “आणि त्यातून ती ढाल.”

ढालीची गोष्ट गावभर ठाऊक होती. शाळेला खेळात मिळालेली रुप्याची ढाल मोठ्या बाईंच्या खोलीतल्या कपाटातून नाहीशी झाली होती. कोण घेऊन गेलं ते कळलं नाही. तोंडावर कोणी काही बोललं नव्हतं, पण कुजबुजायला तोंड कुठं लागतं? आणि आता तीच कुजबुज मोठ्या ठशात, वेलबुट्टीच्या चौकटीत छापून आली होती. लोकांना वाटलं, छापखान्यानं मुद्दाम केलं. कोणीतरी करवून घेतलं.

मी जागच्या जागी उभा होतो. मला काहीच कळेना. माझ्या तोंडातून शिवी गेली होती, आणि मला तर शिवी येतही नाही. गादी कधी सैल झाली? मला का नाही कळलं? की कळलं होतं आणि मी चालतच राहिलो? अजूनही मी याचा विचार करतो आणि अजूनही माझा निकाल लागत नाही.

ताई माफी मागायला त्या संध्याकाळीच बाईंच्या घरी गेली. दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा गेली, तेव्हा आतून पुरुषी आवाज आला, “जे काही बोलायचं ते आता कायद्यानं बोलू.”

आणि खरंच नोटीस आली. बाईंचा भाचा वकील होता, त्यानं पाठवलेली. सगळी इंग्रजीत. ताईनं ती खिडकीपाशी नेली. छापखान्याचं नाव तिला ओळखता आलं, बाईंचं नाव ओळखता आलं. बाकीची अक्षरं ओळीनं उभी होती, पण बोलत नव्हती. कोणाला वाचायला द्यावी तर गावभर बोभाटा. ती बोट फिरवत खाली खाली गेली आणि एकदम थांबली.

“अरे, इकडं ये! हे बघ काय लिहिलंय. एस, एल, यू, आर. स्लर!”

फुंकर धावत आला. अनोळखी गर्दीत गल्लीतला माणूस भेटावा तसा तो शब्द भेटला होता. “म्हणजे वकिलाला कळलंय!” तो म्हणाला. “त्याला माहितीय, की हा स्लर आहे. मुद्दाम केलेलं नाही, यंत्रानं झालेलं आहे. भला माणूस दिसतोय.”

“आणि आपण उगाच घाबरलो,” ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं लगेच उत्तर लिहायला घेतलं, स्वच्छ मराठीत, आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणून मला ते ठाऊक आहे. ‘आपण लिहिल्याप्रमाणे स्लर झाला, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. तो आमच्याच छापखान्यात झाला. असे स्लर आमच्याकडून पूर्वीही झाले आहेत. यापुढे होऊ नयेत म्हणून काळजी घेऊ.’ खाली दोघांनी सह्या केल्या. फुंकरनं सहीवर फुंकर मारली आणि पत्र पोचवून आला. त्या दिवशी दोघं बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली असावीत, कारण वरून भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता.

वकीलसाहेब स्वतः आले. काळा कोट, हातात आमचं पत्र. चेहऱ्यावर असा आनंद की जणू चोर स्वतःहून पोलीस चौकीत चालत आलाय.

“हे पत्र तुमचंच?”

“हो साहेब,” ताई म्हणाली. “बसा ना.”

“तुम्ही स्लर मान्य केलाय?”

“केलाय की. नाही कसं म्हणणार? डोळ्यांना दिसतोय.”

“मुद्दाम केलात?”

“छे हो!” फुंकर म्हणाला. “स्लर कोणी मुद्दाम करतं का? गादी सैल पडली की होतो.”

वकिलाच्या भुवया वर गेल्या. “म्हणजे बाई निवृत्त झाल्या, त्यांची गादी सैल पडली, म्हणून तुमची हिंमत झाली?”

“बाईंची गादी?” फुंकर गोंधळला. “नाही, आमची.”

“आणि पूर्वीही केलेत म्हणता. कोणाकोणाचे?”

फुंकर बोटांवर मोजू लागला. त्याला वाटलं, प्रामाणिकपणानं सगळं सांगावं. “डॉक्टरांचा झालाय. न्हाव्याचा झालाय. एका नवरीचा झाला होता, ऐन लग्नपत्रिकेवर.”

“नवरीचासुद्धा!” वकील जवळजवळ ओरडलाच. “आणि त्या लोकांनी काय केलं?”

“काही नाही. आम्ही रॉकेल लावतो ना.”

“रॉकेल?” वकील दोन पावलं मागं सरकला.

“नाहीतर जात नाही,” ताई समजावणीच्या सुरात म्हणाली.

मित्रांनो, मी दोन माणसं भांडताना पुष्कळ पाहिली आहेत, पण एकाच शब्दाच्या दोन टोकांना उभी राहून इतक्या सभ्यपणे बोलणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. वकील वळला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “या यंत्राला कोर्टाचं सील लागेल. पुरावा आहे हा. छापखाना बंद ठेवावा लागेल.” आणि निघून गेला.

 मग ताई म्हणाली, “अरे, आपण मान्य केलं तरी हा चिडला का?”

 मला ‘सील’ हा शब्द तेवढा समजला होता, आणि तो समजला नसता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून फुंकर पाय मारताना मधेच थांबायचा आणि माझ्या चाकावर हात ठेवून उभा राहायचा.

मोठ्या बाई आल्या त्या अशाच एका सकाळी. एकट्या आणि पायी. निरोपाच्या कार्यक्रमानंतर त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. ताई हातातला खिळा टाकून उभी राहिली. फुंकर माझ्यामागं दडला, म्हणजे दडायचा प्रयत्न केला. तो माझ्यापेक्षा रुंद होता.

बाईंनी आमचं पत्र उघडलं. “हे तू लिहिलंस?”

“हो बाई.”

“माझा भाचा म्हणतो, हा कबुलीजबाब आहे. मी चार वेळा वाचलं. शिव्या देणारा माणूस ‘शिवी झाली’ असं लिहीत नाही गं. ‘दिली’ लिहितो, नाहीतर ‘दिली नाही’ लिहितो. तू सगळीकडं ‘झाला, झाला’ लिहिलंयस. हे क्रियापद मला झोपू देईना. स्लर म्हणजे काय समजतेस तू?”

“स्लर म्हणजे…” ताईनं हाताचा पंजा दुसऱ्या पंजावर हलकेच घसरवून दाखवला. “असं. कागद सरकतो, शाई फरफटते.”

बाई तिच्या पंजांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “करून दाखव.”

मानपत्राचे खिळे अजून सोडले नव्हते. कोर्टाच्या भीतीनं ताईनं त्यांना हात लावला नव्हता. ते माझ्या जबड्यात बसवले. फुंकरनं पाय मारला. स्वच्छ छापलं गेलं: थोर शिक्षिका. पुन्हा मारला. थोर. पुन्हा. थोर, थोर, थोर. फुंकरच्या कपाळावर घाम आला. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून चुकायचं होतं आणि माझ्या हातून चूक होत नव्हती! ज्या दिवशी बरोबर यायला हवं होतं त्या दिवशी चुकलो, आणि आता चुकायला हवं तर बरोबर. काय म्हणावं याला?

“गादी सैल कर,” ताई म्हणाली.

फुंकरनं गादीची पकड ढिली केली. पुढच्या कागदावर ‘शिक्षिका’तला ‘क्ष’ फरफटला. त्याच्या पुढच्यावर वेलबुट्टीची पानं दुहेरी झाली. मग काही कागद ठीक आले. आणि मग एक कागद निघाला, तो ताईनं न बोलता बाईंच्या हातात दिला.

बाईंनी चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला. समोर, त्यांच्या देखत, कोणाच्याही मनात काही नसताना, त्या चोर झाल्या होत्या.

त्या स्टुलावर बसल्या. तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडताहेत. मग कळलं, हसताहेत. मग पुन्हा कळेना.

“अगं वेडाबाई,” त्या म्हणाल्या, “इंग्रजीत याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे. एखाद्याला लागेल असं बोलणं. अब्रूला बट्टा लावणं. एखाद्याच्या जातीवरून, रूपावरून हिणवणारा शब्द वापरला तर त्यालाही स्लर म्हणतात. माझ्या भाच्यानं तो अर्थ लिहिला होता. आणि तुम्ही दोघांनी सह्या करून तो मान्य केलात.”

फुंकरच्या हातातला कागद गळून पडला. “म्हणजे आम्ही लिहून दिलं, की आम्ही डॉक्टरांनाही शिव्या दिल्या? आणि त्या नवरीलाही?”

“आणि वर रॉकेल टाकलं,” बाई म्हणाल्या, आणि या वेळी खरंच हसल्या. फुंकर रडवेला झाला होता, पण तोही हसला.

ताई हसली नाही. “एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे, बाई? एक यंत्राचा, एक मनाचा?”

“दोन नाहीत. पुष्कळ आहेत.” बाई आता शिकवायला उभ्या राहिल्या. त्यांना स्वतःला कळलं नाही, पण त्या माझ्या चाकाला टेकून उभ्या होत्या. “शब्दकोशवाले सांगतात, फार पूर्वी हा शब्द म्हणजे नुसता पातळ चिखल. रस्त्यावरचा. मग चिखल लागून माखणं, डागाळणं. मग डाग कपड्यावरून नावावर गेला. गाण्यातही हा शब्द आहे, एक सूर न तोडता दुसऱ्यावर सरकवत न्यायचा, त्याला स्लर म्हणतात. तिथं तो सुंदर आहे. सगळीकडं सरकणं तेवढं सारखं.”

“आपल्यातही चिखलफेकच म्हणतात की,” ताई हळूच म्हणाली.

“हो ना. माणूस कुठलाही असो, दुसऱ्याला बोलायचं झालं की त्याला चिखलच आठवतो.”

मला ते ऐकून बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही. मी जो शब्द घरचा समजत होतो तो गावोगाव भटकून आला होता आणि कुठं काय काय करून आला होता ते देव जाणे.

ताई म्हणाली, “बाई, मी सगळी मानपत्रं पुन्हा छापते. घरोघर जाऊन वाटते. सांगते, की यंत्राची चूक होती.”

“आणि लोक काय म्हणतील? ‘बघा, बाई चोर नाहीत असं छापून वाटावं लागलं.’ ज्यांनी वाचलं नव्हतं तेही वाचतील.” बाई पुन्हा बसल्या. आवाज खाली आला. “ढाल मी नेली नाही, ताई. हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. कारण एकाही माणसानं मला विचारलं नाही. सगळे आपापल्या मनानं समजून बसले होते. कोणी म्हणे घेतली, कोणी म्हणे बाई तसं करणार नाहीत. पण ‘बाई, काय झालं?’ असं कोणीच नाही विचारलं.”

 ताईनं खाली वाकून गळालेला कागद उचलला, मग तिला तो कुठं ठेवावा कळेना, म्हणून धरूनच उभी राहिली.

“काय झालं होतं, बाई?” तिनं विचारलं.

बाईंनी सांगितलं. कपाटाचं कुलूप बिघडलं होतं, सुट्टी होती, खोली रंगवायला काढली होती, माणसं येत-जात होती. एवढंच. सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. पण सांगून झाल्यावर त्यांनी असा श्वास सोडला की मला वाटलं माझ्याच कुठल्यातरी सांध्याला तेल मिळालं.

उठताना त्यांनी विचारलं, “तुमच्याकडं प्रुफं कोण तपासतं?”

“मीच.”

“स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. उद्यापासून मी येते.”

आणि त्या आल्या. रस्त्याकडच्या खिडकीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा, टेबल घेऊन बसल्या. भाचा तणतणत आला. “मावशी, ज्यांनी तुझी अब्रू घालवली त्यांच्याच दारात?”

“त्यांनी घालवली नाही रे. गेली. क्रियापद बघ.”

नोटीस मागं घेतली गेली. लोकांचं मात्र काय झालं ते सांगायला हवं. लोक गोंधळले! रस्त्यानं जाताना थबकायचे. ज्या छापखान्यानं बाईंना चोर म्हटलं, त्याच छापखान्यात बाई बसतात? मग त्यानं म्हटलं नसेल? की म्हटलं तेच खोटं? की आपणच चुकीचं वाचलं? कुजबुजायला उघडलेली तोंडं तशीच उघडी राहायची. मला तेव्हा एक गोष्ट उमगली, माझ्यासारख्या गोंधळलेल्याला उमगावी तेवढीच. दुसऱ्याला नावं ठेवायला मनाची पक्की खात्री लागते. गोंधळलेल्या माणसाला ते जमत नाही. सगळीच तोंडं गप्प झाली असं नाही. काही जण शेवटपर्यंत म्हणतच राहिले. ढालही कधी सापडली नाही. पण बाई रोज यायच्या, कार्डं तपासायच्या, आणि दुपारी ताईला इंग्रजी शब्दांचे अर्थ शिकवायच्या. ते माझे सगळ्यांत चांगले दिवस. गिऱ्हाइकं म्हणायची, “या छापखान्यात चूक सापडत नाही,” आणि फुंकर माझ्या चाकावर थाप मारायचा.

मग नवी यंत्रं आली. खिळे गेले, रूळ गेले. माझ्याकडं फक्त तिकिटं आणि चिठ्ठ्या येऊ लागल्या, मग त्याही थांबल्या. माझ्यावर कोणी कोट टांगू लागलं, कोणी चहाचे कप ठेवू लागलं. बाईही थकल्या. एकदा आजारातून उठल्या, तेव्हा त्यांची जीभ जड झाली होती. भाचा त्यांना गाडीतून घेऊन आला, कारण त्यांनी छापखान्यात यायचा हट्टच धरला होता. तो दारात ताईच्या कानाशी म्हणाला, “डॉक्टर म्हणतात, बोलणं स्लर झालंय.”

“गादी…” फुंकरच्या तोंडून निघालं, आणि तो जीभ चावून भिंतीकडं बघू लागला. इतकी वर्षं झाली तरी तो शब्द त्याला अजून सापडत होता आणि प्रत्येक वेळी नव्या कपड्यांत.

बाई खिडकीतल्या खुर्चीत बसल्या. थोड्या वेळानं भाच्याकडं हात करून काहीतरी बोलल्या. फुंकरनं ऐकलं, मी ऐकलं, कोणालाच कळलं नाही. त्या पुन्हा बोलल्या, जोरात, चिडल्यासारख्या. भाच्याचा चेहरा उतरला. “मला जा म्हणते आहे,” तो म्हणाला. “हल्ली असंच करते. कोणी समोर नको असतं. कालसुद्धा हाकललं मला.” तो खरंच निघाला. दारापर्यंत गेला.

ताई हातातलं काम ठेवून उठली. बाईंसमोर जमिनीवर बसली, त्यांच्या ओठांच्या अगदी पुढं.

“बाई, पुन्हा सांगा.”

बाई बोलल्या. शब्द फरफटला.

“अजून एकदा. घाई नाही.”

बाईंनी डोळे मिटले, एकेक अक्षर जागेवर बसवलं, जशी ताई खिळे बसवायची तसं. “खिड. की. लाव. कागद. उडता. यत.”

खरंच उडत होते. टेबलावरची प्रुफं वाऱ्यानं एकेक करून जमिनीवर उतरत होती आणि आम्ही सगळे बाईंच्या तोंडाकडं बघत होतो. ताईनं खिडकी लावली. भाचा दारातून परत आला, खाली बसून कागद गोळा करू लागला, आणि बराच वेळ गोळा करत राहिला, सगळे उचलून झाल्यावरसुद्धा.

आज मी एका मोठ्या कार्यालयाच्या काचेच्या दालनात उभा आहे. मला काळा रंग दिलाय. लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात. मला तेल कोणी देत नाही, माझं चाक फिरत नाही, आणि लोखंडाला नुसत्या रंगानं भागत नाही, हे कोणीतरी त्यांना सांगायला हवं. जमलं तर तुम्ही सांगा. कधीकधी तरुण मुलंमुली माझ्या बाजूला उभी राहून फोनवर बोलतात आणि त्यांच्या बोलण्यात तो शब्द येतो. कोणाचा आवाज भरून आलेला असतो, कोणाचा चढलेला असतो. मी कान टवकारतो. यांचा कागद सरकला, की कोणी खरंच चिखल फेकला? कोणी कोणाला काय म्हणालं, की म्हणालंच नाही? मला काही कळत नाही, आणि मित्रांनो, मला एवढा मोठा जबडा असूनही विचारता येत नाही. तुम्हांला येतं.